हजेरीपटावर जमते ते वहीत का अडते?

पत्राचा सारांश : एका वाचक भगिनी अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाहेरून परीक्षेला बसल्या आहेत आणि परीक्षेला अडीच महिने उरले आहेत. गेली नऊ वर्षे त्या कामाच्या ठिकाणी हजेरीपट सांभाळतात. कोणी किती तास काम केले, त्यात जादा काम किती, कोणाची किती रक्कम निघते, हा सगळा हिशोब त्या करतात आणि तो सहसा चुकत नाही. तरीही बीजगणितातले तास आणि मजुरीचे शाब्दिक उदाहरण समोर आले की त्यांचा हात थांबतो. त्यांनी पाठवलेले उदाहरण असे : ‘एका व्यक्तीने आठवड्यात दोन कामे मिळून ४० तास काम केले. पहिल्या कामाचा दर ताशी १२० रुपये आणि दुसऱ्याचा ताशी १५० रुपये. तिला एकूण ५,३४० रुपये मिळाले, तर तिने प्रत्येक काम किती तास केले?’ त्यांनी ‘समजा, तास = क्ष’ असे लिहून १२०क्ष + १५०क्ष = ५,३४० हे समीकरण मांडले आणि उत्तर १९ पूर्णांक ७/९ आले. मग त्यांनी मनातल्या मनात आकडे पुढेमागे करून २२ आणि १८ हे बरोबर उत्तर काढले, पण ‘रीत दाखवा’ असा शेरा मारून शिक्षकांनी त्यावर काट मारली. शिकवणीत त्यांना दहा-बारा प्रकारांची सूत्रे पाठ करायला सांगितले आहे, तर घरच्यांचे म्हणणे असे की हे गुण सोडून द्यावेत. त्या विचारतात : ‘पाठांतर करू की हा भाग सोडू? माझी बुद्धी व्यवहाराची आहे, गणिताची नाही, हे आता मान्य करावे का?’

उत्तर :

तुमच्या १९ पूर्णांक ७/९ या उत्तरापासूनच सुरुवात करू या, कारण तुम्ही ते संकोचाने एका ओळीत उरकले आहे आणि माझ्या मते पत्रातली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे. तुम्ही मांडलेले समीकरण, निव्वळ समीकरण म्हणून पाहिले तर, निर्दोष आहे आणि तुम्ही ते सोडवलेही अचूक. फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचे समीकरण आहे. ‘एका व्यक्तीने दोन्ही कामे सारखेच तास केली आणि तिला ५,३४० रुपये मिळाले, तर प्रत्येक काम किती तास केले?’ असे कोणी विचारले असते, तर १९ पूर्णांक ७/९ तास, म्हणजे १९ तास आणि सुमारे ४७ मिनिटे, हेच त्याचे उत्तर ठरले असते. दोन्ही दरांपुढे एकच अक्षर लिहिताना तुम्ही नकळत दोन्ही कामांचे तास सारखे ठरवून टाकले, आणि ४० हा आकडा वापरायचा राहूनच गेला. प्रत्येक दिलेला आकडा वापरलाच पाहिजे असा काही नियम नाही, कारण काही उदाहरणांत मुद्दाम जास्तीचा आकडा पेरलेला असतो. परंतु एखादा आकडा समीकरणाबाहेर राहिला असेल, तर तो का राहिला याचे कारण आपल्याला सांगता आले पाहिजे.

ही चूक समीकरणाच्या आधीच्या ओळीत जन्मली आहे. तुम्ही लिहिलेत, ‘समजा, तास = क्ष’. आता तुमचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. एकाच माणसाने दोन वेगवेगळ्या दरांची कामे केली असतील, तर त्याच्या नावापुढच्या रकान्याला तुम्ही नुसते ‘तास’ असे शीर्षक द्याल का? ‘कोणत्या कामाचे तास?’ हा प्रश्न तुम्हाला तत्काळ पडेल, आणि दोन रकाने आखल्याशिवाय तुम्ही पुढे जाणार नाही. वहीत मात्र क्ष हे अक्षर दिसल्याबरोबर ही शिस्त सुटते, कारण क्ष हे तासांचे टोपणनाव आहे अशी आपली समजूत होते. क्ष हे कोणत्याही वस्तूचे नाव नसते; ते एका संख्येच्या जागी बसवलेले अक्षर असते, आणि ती संख्या कशाची हे पूर्ण वाक्यात सांगावे लागते : ‘समजा, ताशी १२० रुपये दराच्या कामाला त्या व्यक्तीने क्ष तास दिले.’ या वाक्यात कोण, कोणते काम आणि कोणते एकक हे तिन्ही आले. हे वाक्य लिहायला दहा सेकंद जास्त लागतात आणि निम्म्या चुका तिथेच थांबतात, असा माझा अनुभव आहे.

अक्षराला वस्तूचे नाव समजण्याची ही चूक फक्त तुमची नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक साधे वाक्य समीकरणात लिहायला सांगितले होते : विद्यापीठात विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या सहापट आहे. एक तृतीयांशाहून अधिक मुलांचे समीकरण चुकले, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी ते नेमके उलटे लिहिले, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अक्षराला ६ ने गुणून ते प्राध्यापकांच्या अक्षराबरोबर ठेवले. हे अभियंते होऊ घातलेले विद्यार्थी होते. त्यांना समीकरणे सोडवता येत नव्हती असे नाही. त्यांनी ‘सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ असे चित्र मनात आणले आणि अक्षरांना त्या माणसांची नावे समजून ते चित्र जसेच्या तसे कागदावर उतरवले. मजुरीच्या उदाहरणांत हाच सापळा ‘मुख्य कारागिराचा ताशी दर मदतनिसाच्या दराच्या दुप्पट आहे’ अशा वाक्यात लपलेला असतो. कारागिराचा दर क आणि मदतनिसाचा दर म मानला, तर ‘दुप्पट’ हा शब्द कारागिराच्या बाजूला ऐकू येत असल्यामुळे हात २क = म असे लिहू पाहतो. अशा वेळी एकच करायचे : मदतनिसाला १०० रुपये मिळतात असे धरून कारागिराला किती मिळतील ते पाहायचे. ते २०० आहेत, म्हणजे लहान दराला दोनने गुणले की मोठा दर मिळतो, म्हणून क = २म.

आता तुमच्या मुख्य समजुतीकडे वळते. व्यवहाराची बुद्धी आणि गणिताची बुद्धी वेगळी, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तसे असेल तर तुम्ही मनातल्या मनात २२ आणि १८ कसे काढलेत, ते एकदा संथपणे पाहू. तुम्ही लिहिता की आधी वीस-वीस धरले, रक्कम ५,४०० आली, म्हणजे ६० रुपये जास्त झाले. महागड्या कामातला एक तास काढून स्वस्त कामात टाकला की ३० रुपये कमी होतात, म्हणून दोन तास हलवले. याला तुम्ही ‘आकडे पुढेमागे करणे’ म्हणता, आणि जणू चोरी पकडली जावी तसे सांगता. परंतु आधी एक आकडा धरायचा, उदाहरण त्याच्यावर चालवून पाहायचे आणि किती चुकले यावरून तो दुरुस्त करायचा, या रीतीचे घराणे फार जुने आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या, इ.स.पूर्व १५५० च्या सुमारास लिहिलेल्या ऱ्हिंड पपायरसमध्ये ‘एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात’ हे उदाहरण आधी ७ ही राशी धरून सोडवले आहे. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत अशाच रीतीला ‘इष्टकर्म’ असे नाव आहे. इष्ट म्हणजे आपल्या मर्जीने धरलेली संख्या. इष्टकर्मात धरलेला आकडा प्रमाणात वाढवून किंवा कमी करून उत्तर मिळवतात, तर तुम्ही फरक मोजून दुरुस्ती केलीत, इतके अंतर त्या दोघांत आहे. आणि तुमच्या उदाहरणात एकूण तास ४० असे बांधलेले असल्यामुळे नुसते प्रमाण चाललेही नसते. म्हणजे कोणती दुरुस्ती इथे लागू पडेल हेही तुम्ही बरोबर ओळखलेत.

मग अडते कुठे? हजेरीपटावर तुम्हाला दर माहीत असतो, तास माहीत असतात आणि रक्कम काढायची असते, म्हणून तुम्ही वाटेने सरळ पुढे चालता. पुस्तक रक्कम आधी सांगते आणि तासांकडे किंवा दराकडे परत यायला लावते. वाट तीच असते, दर गुणिले तास बरोबर रक्कम, फक्त तोंड उलट्या दिशेला असते. बीजगणिताची युक्ती अशी की ते आपल्याला उलटे चालायलाच लावत नाही. जो आकडा माहीत नाही तो माहीत आहे असे सोंग घ्यायचे, त्याच्या जागी एक अक्षर ठेवायचे आणि नेहमीच्या सवयीने सरळ पुढे हिशोब करत रकमेपर्यंत पोचायचे. तिथे उदाहरणात दिलेली रक्कम वाट पाहत असते, आणि दोन्ही समान ठेवले की समीकरण तयार होते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त संख्येसाठी ‘यावत्तावत्’ असा शब्द आहे, म्हणजे जेवढे तेवढे, आणि लिहिताना त्याचे ‘या’ हे पहिले अक्षर वापरत. दुसरी अव्यक्त संख्या आली तर कालक, तिसरी आली तर नीलक, अशी रंगांची नावे देत. मला हा शब्द क्ष पेक्षा कितीतरी जास्त आवडतो, कारण त्यात अक्षराचे काम बोलून दाखवलेले आहे. ‘पहिल्या कामाचे जेवढे असतील तेवढे तास’ असे मनात म्हणून पाहा. क्ष ची भीती बरीच उतरते.

आता तुमच्या मनातल्या रीतीचे शिक्षकांना हव्या असलेल्या रीतीत रूपांतर कसे करायचे ते दाखवते, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळे मर्म याच पायरीत आहे. तुम्ही वीस-वीस धरलेत तेव्हा हिशोब २,४०० + ३,००० = ५,४०० असा केलात. आकडे तोंडी गुणले गेले आणि वीस दिसेनासे झाले. तोच हिशोब गुणाकार न करता लिहून काढा. पहिल्या कामाचे तास २०. दुसऱ्या कामाचे तासही २० आहेत खरे, पण ते २० असे लिहू नका. ते कुठून आले ते लिहा, म्हणजे ४० − २०. आता रकमेची ओळ अशी होते : १२० × २० + १५० × (४० − २०). ही ओळ म्हणजे तुमच्या अंदाजाचा ताळा आहे. या ओळीत जिथे जिथे तुमचा अंदाज, म्हणजे २०, दिसतो आहे, तिथे तो पुसून क्ष लिहा, आणि बरोबरच्या चिन्हापुढे अंदाजाने आलेली ५,४०० ही रक्कम न लिहिता दिलेली ५,३४० लिहा :

१२०क्ष + १५०(४० − क्ष) = ५,३४०

कंस सोडवला की १२०क्ष + ६,००० − १५०क्ष = ५,३४०, म्हणून −३०क्ष = −६६०, आणि क्ष = २२. दुसऱ्या कामाचे तास ४० − २२ = १८. ताळा : २,६४० आणि २,७०० मिळून ५,३४०.

समीकरणातल्या ३० कडे जरा निरखून पाहा. एक तास इकडून तिकडे हलवला की ३० रुपयांचा फरक पडतो, असे तुम्ही मनात म्हणाला होता. तोच हा ३०. आणि ६६० म्हणजे सगळे चाळीसही तास महागड्या दराने धरले असते तर जितकी रक्कम जास्त झाली असती तितकी. तुम्ही वीस-वीसपासून निघालात म्हणून दोनच तास हलवावे लागले, समीकरण शून्य-चाळीसपासून निघाले म्हणून बावीस हलवावे लागले. विचार एकच आहे. अंदाज करताना मात्र वीस-वीससारखे सारखे आकडे शक्यतो टाळा आणि उदाहरणार्थ १० धरा, म्हणजे दुसऱ्या कामाचे ३० हे ४० − १० मधून आले हे लपून राहणार नाही. तुमच्या मूळ चुकीचे एक कारण हेही असू शकेल की मनात आधीपासूनच दोन्ही तास सारखे धरलेले होते आणि म्हणून दोन्हीकडे एकच अक्षर बसले.

अंदाज, त्याचा न गुणलेला ताळा, आणि मग अंदाजाच्या जागी अक्षर : ही वाट जवळपास प्रत्येक मजुरीच्या उदाहरणात चालते. जादा कामाच्या उदाहरणांत विद्यार्थी सर्वाधिक गोंधळतात, आणि तिथे तर तुमची बाजू इतरांपेक्षा भक्कम आहे. ‘आठवड्याचे पहिले ४० तास नेहमीच्या दराने आणि त्यापुढचे तास दीडपट दराने. एका कामगाराने ४६ तास काम केले आणि त्याला ५,८८० रुपये मिळाले, तर त्याचा नेहमीचा दर किती?’ अनेक जण ४६ लाच दीडने गुणतात. तुम्ही हजेरीपटावर असे कधी केलेले नाही आणि करणारही नाही. ताशी १०० रुपये दर धरा : ४० × १०० + ६ × १.५ × १००. १०० च्या जागी द ठेवा : ४०द + ९द = ५,८८०, म्हणून ४९द = ५,८८० आणि द = १२०. सहा जादा तास पगारात नऊ तासांसारखे मोजले जातात, हे वाक्य तुम्ही कामावर बोलत असाल. समीकरणातले ९द तेच सांगते.

याच उदाहरणाचा दुसरा अवतार तास विचारतो. दर १२०, जादा कामाचा १८०, एकूण रक्कम ५,५२०, तर किती तास काम झाले? इथे क्ष म्हणजे एकूण तास की फक्त जादा तास, याची निवड तुमच्या हातात असते आणि दोन्ही चालतात. मात्र निवड लिहून ठेवली नाही तर शेवटी ४ या उत्तरावर थांबून पेपर पुढे सरकवला जातो, आणि प्रश्न तर एकूण तासांचा होता. एकूण तास क्ष मानले, तर १२० × ४० + १८०(क्ष − ४०) = ५,५२०, आणि क्ष = ४४. हे समीकरण मांडण्याआधी एक छोटी तपासणी करावी : चाळीस तासांचे ४,८०० होतात आणि मिळालेली रक्कम त्याहून जास्त आहे, म्हणजे जादा काम खरोखर झालेले आहे. रक्कम ४,२०० असती तर (क्ष − ४०) लिहिण्यात अर्थच नव्हता, आणि साधा भागाकार करून ३५ तास मिळाले असते.

मिनिटांबद्दल तुम्हाला सांगायची गरज नसावी, पण हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. ७ तास २० मिनिटे म्हणजे ७.२० तास नव्हेत, ७ पूर्णांक १/३ तास. ताशी १२० च्या दराने त्याचे ८८० रुपये होतात, ७.२ ने गुणले तर ८६४ येतात आणि १६ रुपये बुडतात. उदाहरणातला दर ताशी असेल तर सगळी वेळ आधी तासांत आणावी, किंवा दरच मिनिटाचा करून घ्यावा.

आता तुमच्यापुढच्या पर्यायांविषयी. पाठांतराला मी सरसकट नावे ठेवणार नाही. परीक्षा आठवड्यावर आली असती आणि चार पर्यायांतून उत्तर निवडायचे असते, तर मी स्वतः तुम्हाला चारही पर्याय ताळ्यात घालून बरोबर बसेल त्यावर खूण करा असे सांगितले असते. पण तुमच्याकडे अडीच महिने आहेत आणि परीक्षकाला रीत हवी आहे. दहा-बारा प्रकार पाठ करण्यातली खरी अडचण अशी की उदाहरण कोणत्या प्रकारातले हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते, आणि ते ओळखायला उदाहरण समजावेच लागते. ते समजले की प्रकाराची फारशी गरज उरत नाही. शब्दावरून क्रिया ठरवण्याची युक्तीही अशीच दगा देते. ‘जास्त’ म्हणजे बेरीज असे घोकलेला विद्यार्थी ‘पहिल्याला दुसऱ्यापेक्षा तासाला १५ रुपये जास्त मिळतात, पहिल्याला १३५ मिळतात, तर दुसऱ्याला किती?’ या प्रश्नाचे उत्तर १५० असे देतो आणि पुढे जातो.

एखादे सूत्र मात्र समजून घेऊन मग पाठ करायला हरकत नाही. शिकवणीत तुम्हाला दोन दरांच्या मधोमध सरासरी लिहून तिरप्या वजाबाक्या करायची युक्ती बहुधा दाखवली असेल. तुमच्या उदाहरणात ५,३४० भागिले ४० म्हणजे सरासरी दर १३३.५० आहे. (१२० आणि १५० यांची साधी सरासरी १३५ येते, पण ती दोन्ही कामांचे तास सारखे असतील तेव्हाच खरी.) १२० च्या दराचा प्रत्येक तास या सरासरीहून १३.५० रुपये कमी आणतो आणि १५० च्या दराचा प्रत्येक तास १६.५० रुपये जास्त आणतो. एकूण तूट आणि एकूण वाढ यांची फिटंफाट झाल्याशिवाय सरासरी ती राहणार नाही, म्हणून तासांचे गुणोत्तर उलटे, १६.५ : १३.५, म्हणजे ११ : ९ असते, चाळीस तासांचे वीस भाग केले की एक भाग दोन तासांचा, आणि २२ व १८ समोर येतात. पडताळून पाहा : २२ × १३.५ आणि १८ × १६.५ दोन्ही २९७ आहेत. तिरप्या रेघा का मारायच्या हे कळल्यावर ती रीत घाईच्या वेळी जरूर वापरा. कळण्याआधी वापरली तर कोणता आकडा कोणत्या बाजूला लिहायचा यावरच घोडे पेंड खाईल.

दोन अनोळखी संख्या असलेली उदाहरणेही येतील. एका आठवड्यात पहिले काम ३० तास आणि दुसरे १० तास करून ५,१०० मिळाले, पुढच्या आठवड्यात २० आणि १५ तास करून ४,६५० मिळाले, तर दोन्ही दर काढा, अशा धाटणीची. इथे दोन अक्षरे घेऊन दोन आठवड्यांची दोन समीकरणे मांडावीत; ३०अ + १०ब = ५,१०० आणि २०अ + १५ब = ४,६५०. पहिल्याला १० ने भागले की ब = ५१० − ३अ, ते दुसऱ्यात ठेवले की अ = १२०, ब = १५०. मांडणी कळल्यावर हा भाग सरावाचा आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

हा भाग सोडून देण्याचा सल्ला प्रेमापोटी दिला गेला आहे हे मान्य, पण तो मला पटत नाही. गणिताच्या इतर भागांत तुम्हाला जे कष्ट पडणार आहेत त्याच्या निम्म्या कष्टांत तुम्हाला इथे गुण मिळतील, कारण उदाहरणातला व्यवहार तुम्हाला शिकायचा नाही. इतर विद्यार्थ्यांना ‘दीडपट दर’ म्हणजे काय हेच आधी समजून घ्यावे लागते.

शिक्षकांविषयी तुमच्या पत्रात थोडा राग आहे. बरोबर उत्तरावर काट मारणे मलाही आवडले नाही. तरीही ‘रीत दाखवा’ या शेऱ्यामागे एक वाजवी अपेक्षा आहे : २२ हे उत्तर सोपे पूर्णांकी होते म्हणून हलवता हलवता सापडले; तेच २१ तास ४० मिनिटे असते तर अंदाजाने पोचायला फार वेळ लागला असता, आणि दुसरे कोणतेही उत्तर शक्य नाही हेही अंदाज सांगत नाही. तुमचा मनातला विचार चार ओळींत लिहून शिक्षकांना दाखवा आणि तो रीत म्हणून ग्राह्य धरतील का, असे सरळ विचारा. त्यांनी होकार दिला तरी समीकरणाची मांडणी शिकून घ्याच, कारण उत्तरपत्रिका दुसरेच कोणीतरी तपासणार आहे.

सरावासाठी माझी सूचना इतकीच. पहिले दोन आठवडे एकही उदाहरण शेवटपर्यंत सोडवू नका. रोज चार उदाहरणे घ्या, आणि प्रत्येकात तीन रकाने आखा : दर, तास, रक्कम. जितकी कामे किंवा जितकी माणसे तितक्या ओळी. माहीत असलेले आकडे भरा, एक अंदाज धरून बाकीच्या चौकटी त्याच्यावरून भरा, पण गुणाकार-वजाबाकी न करता तशीच ठेवा, मग अंदाजाच्या जागी अक्षर लिहा आणि समीकरण तयार झाले की वही मिटा. समीकरणे सोडवणे तुम्हाला येते. १२०क्ष + १५०क्ष तुम्ही बिनचूक सोडवले होते. तिसऱ्या आठवड्यापासून सोडवा, आणि उत्तराचा ताळा समीकरणात घेण्याऐवजी मूळ वाक्यांत घ्या. समीकरणच चुकले असेल, तर त्यात घेतलेला ताळा नेहमी बरोबरच येणार. १९ पूर्णांक ७/९ तुमच्या समीकरणात चोख बसले असते, आणि उदाहरणात मात्र दोन्ही मिळून ४० झाले नसते.

एक उदाहरण मुद्दाम तुमच्यासाठी ठेवते. दर तेच, १२० आणि १५०. तास तेच, ४०. पण एकूण रक्कम ६,३०० रुपये. समीकरण मांडा आणि सोडवा. पहिल्या कामाचे तास −१० येतील. घाबरून खाडाखोड करण्याआधी सगळेच्या सगळे ४० तास १५० च्या दराने धरले तर रक्कम किती होते ते पाहा. असे पगारपत्रक तुमच्या टेबलावर आले असते, तर तुम्ही ज्या शेऱ्यानिशी ते परत पाठवले असते, तोच शेरा वहीत उत्तर म्हणून लिहा.